उजव्या कोपऱ्यातली ओसरी

इंदरगंजच्या आमच्या कचेरीत कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर कायम धूळ असे. खाली रहदारीचा रस्ता, खिडक्या उघड्या, आणि पुसायचं काम कोणाचं हे कधी ठरलंच नव्हतं. पण प्रत्येक स्क्रीनचा उजवा वरचा कोपरा मात्र लखलखीत असायचा. तेवढाच, हातरुमालाच्या एका फेरीएवढा. नवा माणूस कामावर आला की पहिल्याच दिवशी विचारायचा, हे काय आहे? डेस्कवरचं कोणीतरी मान न वळवता सांगायचं, "भाईसाब का इलाका है."

भाईसाब म्हणजे आमचे सिस्टिमवाले. वर्तमानपत्र हिंदी, ही त्याची ग्वाल्हेर आवृत्ती, आणि संपादकीय मजल्यावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच. इतर सगळे त्यांना भाईसाब म्हणत, मी काका म्हणायची. ते मला 'बाई' म्हणत, मी त्यांच्या मुलाहून लहान असूनही. मी आंचलिक डेस्कवर होते. आसपासच्या लहान गावांतून वार्ताहर बातम्या पाठवत. त्या निवडायच्या, नीट करायच्या आणि पानावर लावायच्या, हे आमचं काम.

काका बारा महिने बिनबाह्यांचा राखाडी स्वेटर घालत. सर्व्हरच्या खोलीत एसी होता, त्यामुळे हिवाळ्यात कोणाला त्याचं काही वाटत नसे. मे महिन्यात मात्र डांबर चपलेला चिकटायचं आणि ते तसेच स्वेटर घालून चौकातून चालत यायचे.

"काका, बाहेर आल्यावर तरी काढा ना तो," मी एकदा म्हटलं.

"पुन्हा आत जायचं असतं ना," ते म्हणाले. त्यांच्या लेखी प्रश्न तिथेच मिटला होता.

कचेरीतल्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. मालकांना ते फुकट म्हणून आवडलं होतं. काकांना आवडायचं कारण वेगळं. त्याच्या डेस्कटॉपवर, म्हणजे मशीन सुरू झाल्यावर समोर येणाऱ्या मांडणीत, स्क्रीनच्या माथ्यावर एक पट्टी असायची. तिच्या उजव्या टोकाला घड्याळ, आणि घड्याळाच्या अलीकडे लहान लहान चित्रांसाठी राखलेली जागा. तिला ट्रे म्हणतात. एखादा प्रोग्रॅम चालू आहे पण त्याची खिडकी उघडी नाही, अशा वेळी त्याचं चित्र तिथे येऊन बसतं. बहुतेक लोकांचं आयुष्यभर त्या जागेकडे लक्ष जात नाही. काकांचं लक्ष तिथून हलत नसे.

ते तिला ट्रे म्हणत नसत. ओसरी म्हणत.

"घरात आलेला नाही, म्हणून मध्येमध्ये करत नाही," ते समजावत. "पण गेलेलाही नाही. ओसरीवर बसलाय. हाक मारली की आत येईल. अशी जागा लागते, बाई. घराला लागते तशी मशीनलाही लागते."

हिंदी सहकाऱ्यांना हा शब्द ठाऊक नव्हता. काही महिन्यांतच संध्याकाळी सगळा मजला तो वापरू लागला. समाचार संपादक, ज्यांना सगळे पंडितजी म्हणत, केबिनमधून ओरडायचे, "अरे ओसरी पे देखो, डबरा आया क्या?"

डबरा, करैरा, लहार, भांडेर आणि सबलगढ. आमची ही पाच गावं. तिथल्या वार्ताहरांकडे जुनी मशीन होती, फोनच्या तारेवरचं इंटरनेट होतं आणि ते बेभरवशाचं होतं. काकांनी प्रत्येक गावासाठी एक छोटा प्रोग्रॅम आमच्या मशीनवर बसवला. गावाकडचं मशीन जोडलं गेलं की ओसरीवर त्या गावाचं चित्र रंगीत होई. तुटलं की फिकट. बातमी आली की चित्राच्या कडेला एक ठिपका येई, आणि पाठवणाऱ्याला 'मिळाली' असा निरोप आपोआप जाई. चित्रावर क्लिक केलं की मजकूर उघडायचा.

पाच गावांसाठी पाच वेगळे प्रोग्रॅम कशाला, एकाच खिडकीत यादी का नको, असं त्यांना बऱ्याच जणांनी विचारलं. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: "यादीत माणूस शोधावा लागतो. ओसरीवर तो दिसतो."

चित्रं त्यांनी स्वतः काढली. नखाएवढ्या चौकोनात, एकेक ठिपका भरत. डबऱ्याला साखर कारखान्यामुळे उसाचं कांडं. करैऱ्याला माळावरचा पक्षी. लहारला मोहरीचं फूल. सबलगढला किल्ल्याचा बुरूज. भांडेरला काय काढावं हे त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी नुसता हिरवा गोल ठेवला. ही गोष्ट भांडेरच्या वार्ताहराच्या कानावर कशी गेली कोण जाणे. त्याचा फोन आला.

"भाईसाब, सबको कुछ न कुछ मिला, हमको गोला? भांडेर में कुछ है ही नहीं?"

"आप ही बताइए, क्या बनाऊँ?"

पलीकडून आवाज आला, "हमारा स्कूटर बना दीजिए."

काकांनी स्कूटर काढली. ती बकरीसारखी दिसायची, पण भांडेरकडून पुन्हा तक्रार आली नाही.

चित्रांचा क्रम ठरलेला होता आणि तो मोडलेला त्यांना चालत नसे. घड्याळाला लागून सबलगढ, कारण तिथले वार्ताहर वयाने सगळ्यांत मोठे. ते निवृत्त शाळामास्तर होते. काकांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, तरी 'मास्टरजी' म्हणताना ते खुर्चीत जरा सावरून बसत. लुकलुकणारं चित्र त्यांना मुळीच खपत नसे. एखाद्या नव्या प्रोग्रॅमने लक्ष वेधायला उड्या मारायला सुरुवात केली की ते त्याची ती सोय आधी बंद करत. "आलेला माणूस दारात नाचतो का? बसतो. आपण बघायचं असतं."

काकांनी लावलेली मशीन सुरू व्हायला वेळ घेत. याचंही कारण ओसरीच. मशीन सुरू होताना एखादा प्रोग्रॅम ट्रेच्या आधी जागा झाला, तर त्याला बसायला जागा सापडत नाही. तो चालू राहतो, पण दिसत नाही. म्हणून काकांनी प्रत्येक मशीनच्या सुरुवातीच्या आज्ञांमध्ये एक विराम घातला होता. आधी पट्टी उभी राहायची, मग थोडा वेळ काहीच व्हायचं नाही, आणि नंतर एकेक चित्र आपल्या क्रमाने येऊन बसायचं. त्या विरामात लोक माऊस आपटत.

"भाईसाब, ये कंप्यूटर है कि आपकी बारात? निकलती ही नहीं," क्रीडा डेस्कवरचा एकजण म्हणायचा.

"हात काढा," काका म्हणत. मराठीतच म्हणत, समोरचा कोणीही असला तरी. "आधी ओसरी झाडायची. मग पाहुणे."

याच क्रीडावाल्याच्या हातून एकदा ओसरी गेली. पट्टीवर उजवं बटण दाबून तो काहीतरी शोधत होता, आणि 'काढून टाका' वर क्लिक झालं. पाचही चित्रं एका क्षणात नाहीशी झाली. संध्याकाळची वेळ, पानं लागायची होती. तो उभा राहून ओरडला, "पाँचों मर गए!"

काका सर्व्हरच्या खोलीतून आले. घाईत नव्हते. स्क्रीनसमोर वाकले, रुमालाने कोपरा पुसला, मग बोलले. "कोणी मेलेलं नाही. सगळे चालू आहेत. बसायची जागा गेली फक्त." त्यांनी पट्टीवर ट्रे पुन्हा लावला. ऊस आला, पक्षी आला, मोहरी आली. क्रीडावाला कपाळ पुसत बसला. स्कूटर यायला जरा वेळ लागला, तेव्हा काका त्याला म्हणाले, "भांडेर नेहमी उशिरा येतं. रस्ता खराब आहे."

हा प्रसंग पुढे उपयोगी पडला. तेव्हा तो नुसता हसण्याचा विषय होता.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला मजल्यावर एक विशिष्ट शांतता यायची. फोन थांबलेले नसत, चहावाल्याची ये-जा चालू असे, पण सगळ्यांची नजर अधूनमधून उजव्या कोपऱ्याकडे जाई. पाच चित्रं रंगीत होत. काका प्रत्येक मशीनमागून एक फेरी मारत आणि परत जात. बातमीदारीत बरीच वर्षं काढलेल्या माणसाला गर्दीची सवय असते, सोबतीची नसते. त्या वेळी सोबत होती. आज ती वेळ आठवली की बातम्या आठवत नाहीत, तो कोपरा आठवतो.

मग एकत्रीकरण आलं. आमचं वर्तमानपत्र एका मोठ्या समूहाने घेतलं. सगळ्या आवृत्त्यांची पानं भोपाळला एका जागी तयार होतील, ग्वाल्हेरला सिटी सेंटरमध्ये फक्त एक छोटं कार्यालय राहील, आणि डेस्कच्या माणसांनी भोपाळला यावं किंवा हिशेब घ्यावा, असं सांगण्यात आलं. ग्वाल्हेरच्या मराठी घरांना हे नवीन नव्हतं. संस्थान विलीन झालं, नंतर राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली, आणि खात्यामागून खातं, कपाटांसकट, तिकडे गेलं. काकांचे वडील त्यांतल्याच एका खात्यात होते. त्यांनी जायला नकार दिला.

हे काकांनी एकदाच सांगितलं, तेही चहा पिताना, दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं. "वडील रोज दहाला कोट घालून तयार व्हायचे. मग ओसरीवर बसायचे. पाच वाजले की आत येऊन कोट काढायचे. आई म्हणायची, अहो, कशाला? ते म्हणायचे, कोणी विचारायला आलं तर?"

"आलं कोणी?"

"शेजारी यायचे. पेपर वाचायला."

नव्या व्यवस्थेत लहान गावांचे वार्ताहर ठेवायचे की नाही, हा प्रश्न होता. भोपाळने एक चाचणीचा आठवडा ठरवला. आमच्या मशीनवर समूहाचा नवा डेस्कटॉप बसणार, आम्ही त्यावर नेहमीप्रमाणे काम करणार, आणि त्या आठवड्यात कोणत्या गावातून किती कामाचा मजकूर येतो हे पाहून निर्णय होणार. वार्ताहरांना पैसे नाममात्रच मिळत. पण त्यांच्या खिशात आमच्या वर्तमानपत्राचं ओळखपत्र होतं. त्या कार्डावर तहसील कचेरीत बसायला खुर्ची मिळते, ठाण्यात उत्तर मिळतं. सबलगढच्या मास्टरजींसाठी निवृत्तीनंतरचं तेच एक काम उरलं होतं.

काकांना त्या आठवड्यात सिटी सेंटरच्या नव्या कार्यालयात तारा टाकायच्या देखरेखीला पाठवलं. आमच्या मशीनचं काम भोपाळहून आलेल्या एका तरुण इंजिनिअरने केलं. हुशार होता, नम्र होता. जुन्या सगळ्या सोयी त्याने नव्या डेस्कटॉपवर काळजीपूर्वक आणल्या, काकांचे पाच प्रोग्रॅमही. फक्त त्या नव्या डेस्कटॉपला ट्रे नव्हता. बनवणाऱ्यांनीच तो काढून टाकला होता. स्क्रीन स्वच्छ दिसावी म्हणून.

जायच्या आधी काकांनी ती स्क्रीन एकदा पाहिली होती. "ओसरी नाही," ते म्हणाले. "म्हणजे माणूस एकतर घरात, नाहीतर रस्त्यावर."

"अंकल, अब किसी को ज़रूरत नहीं पड़ती," इंजिनिअर म्हणाला.

"पडेल," काका म्हणाले आणि सिटी सेंटरला गेले. आपले प्रोग्रॅमही नव्या मशीनवर आणले जाणार आहेत हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

बातमी आली की नव्या डेस्कटॉपवर ती आपोआप समोर उघडेल, असं आम्ही धरून चाललो होतो; आठवडाभर पाच गावांतून एक ओळ दिसली नाही. डेस्कने गृहीत धरलं की वार्ताहरांच्या कानावर एकत्रीकरणाची बातमी गेली असेल, त्यांनी हात आखडता घेतला असेल. फोन करून विचारायचा संकोच वाटला. काय सांगणार, तुम्हाला ठेवतील की नाही माहीत नाही म्हणून? तिकडे गावांतला हिशेब वेगळा होता. बातमी पाठवली की 'मिळाली' असा निरोप येत होता. दुसऱ्या दिवशी ती छापलेली नसे. आपली बातमी न छापली जाण्याची त्यांना सवय होती. जागा नसेल, असं ते समजले आणि पुढची पाठवत राहिले. दोन्हीकडची माणसं भिडस्त, म्हणून दोन्हीकडे शांतता.

आठवडा संपला तेव्हा भोपाळचे साहेब आढावा घ्यायला आले. पंडितजींच्या केबिनमध्ये बैठक बसली. काच होती, दार उघडं होतं. बाहेर सगळं ऐकू येत होतं.

"इन पाँच जगहों से पूरे हफ़्ते में एक लाइन नहीं आई," साहेब म्हणाले. "मैं बुरा आदमी नहीं हूँ पंडितजी, पर इन्हें किस बात पर रखूँ?"



त्याच दुपारी सबलगढचे मास्टरजी बसने ग्वाल्हेरला आले होते. कचेरी सिटी सेंटरला हलली असं त्यांनी ऐकलं होतं, म्हणून ते थेट तिकडे गेले. अर्धवट रंगवलेल्या खोल्या, तारांची वेटोळी, आणि त्यात स्वेटर घातलेला एक माणूस. मास्टरजींनी पिशवीतून आठवड्याचे अंक काढले आणि त्या माणसाला विचारलं, "हमारी हिंदी में कोई खोट आ गई है क्या? हफ़्ते भर से कुछ नहीं छपा. आप साफ़ कह दीजिए, हम बुरा नहीं मानेंगे."

काकांनी विचारलं, "आपको 'मिली' का संदेश आता था?"

"रोज़ आता था."

पुढचं आम्ही पाहिलं. काका मास्टरजींना स्कूटरवर मागे बसवून इंदरगंजला आले, त्यांना हाताला धरून जिना चढवला, आणि केबिनच्या दारातून आत न जाता माझ्या मशीनकडे आले.

"उठा बाई."

मी उठले. त्यांनी खुर्ची मास्टरजींना दिली आणि स्वतः उभ्यानेच कीबोर्ड ओढला. साहेब केबिनमधून बाहेर आले. इंजिनिअरही आला. काकांनी कोणाकडे पाहिलं नाही. नव्या डेस्कटॉपने जागा ठेवली नव्हती, तेव्हा त्यांनी वेगळा, स्वतंत्र चालणारा लहानसा ट्रे बसवायला घेतला. कोणत्याही पट्टीवर अवलंबून नसलेला, स्क्रीनच्या कडेला नुसता टेकून राहणारा. आज्ञा टाइप केल्या, एकदा चुकले, पुसल्या, पुन्हा केल्या. उजव्या कोपऱ्यात एक रिकामी, बारीक राखाडी पट्टी उभी राहिली.

"इसमें तो कुछ नहीं है," साहेब म्हणाले.

"हात काढा," काका म्हणाले. साहेबांचा हात कुठेच नव्हता.

मग ऊस आला. कोणी काही सुरू केलं नव्हतं. प्रोग्रॅम आठवडाभर चालूच होते. बसायला जागा झाली तशी चित्रं येऊ लागली. पक्षी, मोहरी, बुरूज. प्रत्येकाच्या कडेला ठिपका. स्कूटर आली नाही. तो प्रोग्रॅम काकांना बंद करून पुन्हा सुरू करावा लागला.

"भांडेर," क्रीडावाला मागून म्हणाला. "रास्ता ख़राब है." कोणी हसलं नाही.

काकांनी बुरुजावर क्लिक केलं. मास्टरजींचा आठवड्याचा मजकूर खाली खाली उघडत गेला. मंडीतले मोहरीचे भाव, परीक्षा केंद्रावर पाणी नसल्याची तक्रार, बंद पडलेला हातपंप, तोच हातपंप दुरुस्त झाल्याची दुसरी बातमी. मास्टरजी खुर्चीत पुढे झुकून स्वतःचा मजकूर वाचत होते. मग त्यांनी बुरुजाच्या चित्रावर बोट ठेवलं. ते रंगीत होतं.

"ये जल रहा है. मैं तो यहाँ बैठा हूँ."

"घर पर मशीन चालू छोड़ आए होंगे."

"हाँ," मास्टरजी म्हणाले. "बहू से कह आया था, बंद मत करना. कोई पूछे तो."

काकांचा हात कीबोर्डवर तसाच थांबला. खिशातून रुमाल काढून त्यांनी मास्टरजींच्या बोटाचा ठसा पुसला, आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ पुसत राहिले.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी पाचही गावांचा मजकूर उघडून घेतला, उभ्यानेच चाळला आणि म्हणाले, "रहने दीजिए इनको. पाँचों को." इंजिनिअर काकांकडे वळला. चेहरा उतरला होता. "अंकल, मुझे दिखा ही नहीं."

"दिसणार कसं?" काका म्हणाले, आणि मग त्याच्यासाठी हिंदीत, "तुम्हारी ग़लती नहीं है. बैठने की जगह नहीं थी."

वार्ताहर राहिले. पाच प्रोग्रॅम मात्र राहिले नाहीत. भोपाळच्या पद्धतीत बातमी वेबसाइटवर भरायची होती, आणि ती सगळ्यांनी शिकून घेतली, मास्टरजींनीसुद्धा. सिस्टिमचं काम भोपाळहूनच होणार होतं, त्यामुळे ग्वाल्हेरला काकांची जागा उरली नाही. साहेबांनी त्यांना भोपाळला यायला सांगितलं. मनापासून सांगितलं, पुन्हा फोनही केला. काका नाही म्हणाले.

"का पण?" मी विचारलं. माझं जायचं ठरलं होतं.

"तिथे ओसरी नाही."

"तुम्ही लावाल ना."

"मी लावीन. मग पुढच्या वेळी ते काढतील, पुन्हा मी लावीन. दर सहा महिन्यांनी नवा डेस्कटॉप येतो, बाई. माझ्या वयाला ते भांडण नको." मग म्हणाले, "माणसं राहिली ना? पुरे."

कचेरी रिकामी व्हायच्या आदल्या दुपारी त्यांनी माझा लॅपटॉप मागून घेतला. परत दिला तेव्हा त्यात तो स्वतंत्र ट्रे बसवलेला होता, सुरुवातीला विराम घातलेला होता, आणि ओसरीवर एकच चित्र होतं. मी ओळखलं नाही.

"पिशवी आहे?"

"स्वेटर आहे," ते जरा दुखावून म्हणाले.

भोपाळच्या पहिल्या काळात तो स्वेटर रोज संध्याकाळी रंगीत व्हायचा. तिकडे ग्वाल्हेरला, हरिशंकरपुरममध्ये, ते आपल्या घरी मशीन लावून बसत. बोलणं फारसं होत नसे. मी कधी लिहायची, "आहात?" उत्तर यायचं, "बसलोय." एखाद्या दिवशी, "जेवलात?" आणि उत्तर, "आत्ताच कुठे?" बस. चारशे किलोमीटर दूर, अनोळखी माणसांनी भरलेल्या मोठ्या हॉलमध्ये, एकसारख्या स्वच्छ स्क्रीनच्या रांगेत, माझ्या एका स्क्रीनचा उजवा कोपरा पुसलेला असे. पुसायची मीच. कोणी विचारलं नाही, आणि सांगायला शेजारी भाईसाबांना ओळखणारं कोणी नव्हतं.

पुढे इंटरनेटवरच्या ज्या निरोपांच्या सेवेवरून ही चित्रं चालत, ती सेवाच बंद झाली. त्याच सुमाराला मुलाने काकांना पुण्याला नेलं. मी फोन करते. ते उचलतात, तब्येत सांगतात, माझी विचारतात, आणि गप्प होतात. पुण्यात आता त्यांच्याभोवती सगळं मराठी आहे, आणि मुलगा सांगतो, बाबा शेजाऱ्यांशी हिंदीत बोलतात. एकदा मी म्हटलं, काका, बोला ना काहीतरी. ते म्हणाले, "फोनवर काय बोलायचं? बोललंच पाहिजे असं होतं त्यात. नुसतं असता येत नाही."

तो इंजिनिअर आता इथे सिस्टिमचा प्रमुख आहे. मला दीदी म्हणतो. मध्यंतरी माझा लॅपटॉप हळू चालतो म्हणून त्याने उघडून पाहिला.

"दीदी, ये शुरू में क्या पड़ा है? एक पट्टी खुलती है, फिर मशीन रुकी रहती है, फिर कुछ आता ही नहीं. निकाल दूँ? फटाफट चलेगा."

मग त्याने आज्ञा नीट वाचल्या. त्या कोणी लिहिल्या हे त्याला कळलं असावं. त्याने लॅपटॉप तसाच मिटून माझ्यासमोर ठेवला आणि चहा घेणार का असं विचारलं.

रोज सकाळी मी तो सुरू करते. उजव्या कोपऱ्यात बारीक राखाडी पट्टी उभी राहते. मग थोडा वेळ काहीच होत नाही. मी कीबोर्डवरून हात काढून बसते.